टेबलाचे पाय अजून कापले नाहीत

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर मशीनची लिस्ट वाचत होती, टेबल सॉ, राउटर, ड्रिल प्रेस, आणि मी नुसता हं हं करत होतो, तर तुला वाटलं असेल की बाबांना पसंत नाही. तसं नाही गं. तू नागपूरला परत येऊन मागच्या टिनाच्या शेडमध्ये सुतारकाम सुरू करणार याचा मला किती आनंद झाला ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहून राहिलो. माझं एकच म्हणणं आहे, मशीन नंतर घे, आधी अवजारांना घर कर.

आजोबांचा रंधा तुला आठवतो ना, शिसमाचा, मुठीची जागा घासून काळी झालेला. ते गेले त्या उन्हाळ्यात मी तो खिडकीत ठेवला, खिडकीत कूलर, आणि आपल्याकडे मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो तो पाणी उडवतच. जूनमध्ये काढला तर पात्यावर गंज. वरचा गंज निघाला, पण पात्याच्या सपाट बाजूला बारीक खड्डे पडले होते, आणि सपाट बाजूचा खड्डा धारेपर्यंत आला की धार कधीच पूर्ण लागत नाही. दोन दिवस दगडावर घासला मी. आजही त्यानं रंधा मारला की फळीवर एक बारीक रेघ उमटते, बोटाला लागते. म्हणून सांगतो, कूलरच्या भिंतीला एकही लोखंडी वस्तू ठेवू नको, आणि काम झालं की पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवजो.

पटाश्यांचंही, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्यांचंही, तसंच. मी वर्षानुवर्षे पाव इंची, अर्धा इंची, पाऊण इंची सगळ्या एका बिस्किटाच्या डब्यात टाकायचो, वर हातोडी. एकमेकींवर आपटून धारा उडाल्या, आणि एकदा न बघता हात घातला तर तर्जनीला तीन टाके पडले. आता त्यांच्यासाठी प्लायची पट्टी केली आहे, तिला खाचा पाडल्या, पटाशी वरून खाचेत सोडायची, मूठ वर राहते आणि धार पुढच्या फळीच्या आड लपते. डोळे मिटून हात घातला तरी मूठच हाताला लागली पाहिजे.

आता भिंतीचं. तू म्हणाली होती पत्र्याचं रॅक विकत घेऊ. नको. १८ एमएम प्लायचा तुकडा घे, सात इंच रुंद, आणि त्याला मधोमध लांबीनं ४५ अंशात चीर. दोन पट्ट्या निघतील. एक भिंतीला ठोकायची, टोक वर आणि उतार भिंतीकडे, दुसरी उलटी करून कपाटाच्या पाठीला. कपाट उचलून वरून सोडलं की दोन्ही उतार एकमेकांत बसतात आणि वजन जितकं जास्त तितकं ते भिंतीला घट्ट चिकटतं. इंग्रजीत याला फ्रेंच क्लीट म्हणतात. फायदा काय, तर आज पटाश्या उजवीकडे हव्या, उद्या डावीकडे, नुसतं उचलायचं आणि हलवायचं, पुन्हा भिंत फोडायला नको. फक्त स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची गिट्टी विटेत गेली पाहिजे, आपल्या प्लास्टरमध्ये बसली तर पहिल्याच वजनाला खाली येईल. मी अर्ध्या भिंतीला पट्ट्या लावल्या, बाकीची अर्धी मुद्दाम रिकामी सोडली, काऊन की तुझा हात कुठे जातो ते मला काय माहीत, ते तू काम करशील तेव्हाच कळेल.

ड्रॉवर मी संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्यांचे केले. कळमन्याच्या बाजारातून आणल्या, खिळे उपटले, रंधा मारला. पातळ, हलकं लाकूड आहे, स्क्रू, बिजागऱ्या, पॉलिश पेपर इतकंच त्यात ठेव, जड सामान नको. चॅनेल नाही लावले, लाकडी पट्टीवर सरकतात, पट्टीला मेणबत्ती घासली की मस्त चालतात. पण दोन्ही बाजूंना एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जागा सोडली आहे, आणि तू पुढे जे काही करशील त्यातही सोडजो. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री आणि हवा कोरडी ठक्क, तेव्हा अगदी फिट बसवलेला ड्रॉवर ऑगस्टमध्ये फुगून असा अडकतो की पाय लावून ओढावा लागतो. लाकूड हवा पितं, आणि फुगतं ते आडवं, लांबीला जवळपास नाहीच.

लाकडासाठी लकडगंजला जाऊ, सकाळी, ऊन चढायच्या आत. तुला सागवान पाहिजे हे माहीत आहे मला, आणि का नसावं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान आपल्या बल्लारशाहूनच गेलं. पण पहिले सहा महिने तुकड्यांवर हात बसव. आणि जे आणशील ते जमिनीवर टेकवून ठेवू नको, आपली काळी माती ओल धरते आणि वाळवी खालूनच येते. विटांवर ठेव, भिंतीपासून चार बोटं लांब.

वायरमनला सांगून शेडमध्ये १६ अँपिअरचे दोन प्लग आणि अर्थिंग करून घेतलं आहे. घरातल्या ६ अँपिअरच्या प्लगवर मोठी करवत लावू नको, कधीच. आणि मास्क, मनू, एन-९५. लाकडाच्या बारीक धुळीनं नाकाचा कॅन्सर होतो हे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९५ मध्येच सांगितलं आहे, आणि आजोबा शेवटची दहा वर्षं कसे खोकायचे ते तू पाहिलं आहेस. यात मी तुझं काहीही ऐकणार नाही.

टेबल तयार आहे. वरची फळी बसली, शिकंजा बसला, फक्त पाय अजून कापले नाहीत, ३८ इंचाचे तसेच ठेवले. रंधा मारायच्या टेबलाची उंची माणसाच्या मनगटाची असते, आणि माझं मनगट तुझं नाही. तर काम करताना घालशील ते बूट घाल, सरळ उभी राहा, हात खाली सोड, आणि मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंत कोणाकडून तरी मोजून घे. आकडा कळव, रविवारी कापतो.

तुझे,
बाबा