वेल्लोरचा फॉर्म भरण्याआधी

नगर, रविवार

प्रिय रूथ,

सलाम. फोनवर तू विचारलंस, 2017 मध्ये वेल्लोरच्या सीएमसीनं, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं, एमबीबीएसच्या शंभरपैकी नव्व्याण्णव जागा रिकाम्या ठेवल्या, त्या मार्कांवर भरल्या असत्या तर काय बिघडलं असतं? हे उत्तर फोनवर पुरं होण्यासारखं नव्हतं. तुझ्या फॉर्मला जे कागद जोडायचेत, त्यातले निम्मे याच प्रश्नातून आलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची देशभरची एकच परीक्षा, येण्याआधी तिथे कॉलेजची स्वतःची लेखी परीक्षा असायची. त्यातून निवडलेल्या मुलांना वेल्लोरला बोलावून काही दिवस मुलाखती घ्यायचे, गटात कामं करायला लावायचे. बऱ्याच जागा चर्चनं पाठवलेल्या मुलांसाठी होत्या. अशा मुलानं आधीच बाँड लिहून द्यायचा, की डिग्रीनंतर दोन वर्षं चर्च सांगेल त्या गरजेच्या ठिकाणी काम करीन. मूल शब्दाला जागेल का, हे मुलाखतीत बघायचे. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही वेल्लोरलाच शिकले आणि 1970 मध्ये दुष्काळी जामखेडला येऊन कामाला लागले. फिजिक्सच्या पेपरात अशी माणसं ओळखू येत नाहीत.

मग सरकारचं धोरण फिरायला लागलं. डिसेंबर 2010 मध्ये मेडिकल कौन्सिलनं देशभर एकच परीक्षा ठरवली. वेल्लोर सुप्रीम कोर्टात गेलं. आधार घटनेच्या कलम 30 चा, म्हणजे अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढून त्या चालवायचा हक्क. 5 मे 2013 ला पहिली नीट झाली आणि 18 जुलैला कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं ती रद्द केली. 11 एप्रिल 2016 ला कोर्टानं तोच निकाल मागे घेतला. त्याच वर्षी नीट सक्तीची करायला कायदा दुरुस्त झाला आणि 2017 मध्ये जागा वाटायची फेरीही (काउन्सेलिंग) सरकारी झाली.

गाडी अडली ती मुख्यतः या फेरीवर. फेरीत कॉम्प्युटर रँक आणि पसंतीक्रम बघून जागा देतो, समोर माणूस बसवून कोणी विचारत नाही. वेल्लोरनं कोर्टात दाद मागितली, अंतरिम दिलासा मिळाला नाही, आणि त्यांनी प्रवेशच थांबवले. केंद्र सरकारनं पाठवलेला एकच विद्यार्थी त्या वर्षी आत गेला. एका वर्षाचे नव्व्याण्णव डॉक्टर गेले. ही फार मोठी किंमत होती. तरी त्या वर्षी जागा निमूट भरल्या असत्या, तर पुढे मागायला काही उरलं नसतं, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षापासून मधला रस्ता निघाला. रँक नीटची, वाटप तामिळनाडूच्या निवड समितीमार्फत, आणि चर्चनं पाठवलेली मुलं कोणती याची पडताळणी कॉलेजकडे. 29 एप्रिल 2020 ला सुप्रीम कोर्टानं कायमचं सांगितलं, की नीट अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे आणि त्यानं कलम 30 चा भंग होत नाही. परीक्षेपुरता हा निकाल मला पटतो. कॅपिटेशन, म्हणजे प्रवेशासाठी देणगी, घेऊन जागा विकणाऱ्यांना आवर घालायलाच हवा होता. पण मुलाखत गेली ती गेलीच. आता माणूस पारखायचं काम चर्चच्या पत्रावर येऊन पडलंय. ते पत्र नुसती औपचारिकता समजू नकोस.

आता कामाचं. नोंदणी तीन ठिकाणी करायची: नीटची, सीएमसीच्या साइटवरची आणि निवड समितीकडची. मुलं पहिल्या दोन करतात आणि तिसरी विसरतात, मग चांगली रँक असूनही यादीत नाव येत नाही. माहितीपत्रक त्याच वर्षीचं वाच, नियम दरवर्षी थोडे हलतात.

पत्र सीएमसीच्या कौन्सिलची सभासद असलेल्या चर्चसंस्थेचं लागतं. नुसतं पाळकसाहेबांचं पत्र चालत नाही, ते मंडळीच्या सभासदत्वाचा पुरावा म्हणून सोबत जोडायचं. महाराष्ट्रातल्या फेरीसाठी काढलेला ओबीसीचा दाखलाही या पत्राची जागा घेत नाही. दोन फाइली वेगळ्या ठेव.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तुझं नाव ‘रूथ’ एवढंच आहे, आडनाव नाही. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं, मग माझं. आधारवर इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा एच गळलाय. पडताळणीला बसलेल्या माणसाला या तीन मुली वाटतात. मार्कशीट प्रमाण धरायची आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं. रजिस्टरात खाडाखोड करायची नाही. त्याऐवजी नवा दाखला मागायचा, त्यावर आईवडिलांची नावं, जन्मतारीख, रजिस्टरचं पान आणि नोंद क्रमांक, खाली सही-शिक्का. जोडीला नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. हे सगळं नीटच्या निकालाआधी हातात हवं, कारण निकालानंतर मुदती दिवसांवर येतात.

बाँड शांतपणे वाच. साडेपाच वर्षांत एमबीबीएस आणि इंटर्नशिप, त्यावर दोन वर्षं. तोवर मैत्रिणी पीजीला लागलेल्या असतील आणि तू एखाद्या तालुक्याच्या मिशन दवाखान्यात रात्रपाळीला असशील. चर्चच्या समितीनं विचारलं तर जे मनात असेल तेच सांग. नको वाटत असेल तर आत्ताच नाही म्हण, मी आणि मम्मी रागावणार नाही. ती जागा ज्याला जायचंय त्याला मिळू दे.

पुढच्या रविवारी भक्तीनंतर पाळकसाहेब रजिस्टर काढून ठेवणार आहेत. येताना मूळ मार्कशीट घेऊन ये.

तुझे,
पप्पा