प्लोव्हदिव्हहून बाबांना पत्र

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रोज सकाळी त्या कालव्यावर काय बघायला जातेस, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हा कालवा खास नौकानयनासाठी बांधलेला, दोन किलोमीटरांहून लांब, अगदी सरळ. २०१८ ची जागतिक स्पर्धा इथेच झाली. सकाळी मुली सरावाला उतरतात. एकेरी होडीत एकटीच, दोन हातांत दोन वल्ही. बसायची जागा चाकांवर पुढेमागे सरकते, त्यामुळे जोर हातांपेक्षा पायांचा लागतो. आणि बाबा, बसायचं उलटं, अंतिम रेषेकडे पाठ करून! मागे पडलेल्या सगळ्या दिसतात, पुढे गेलेली मान वळवल्याशिवाय दिसत नाही.

इथल्या, म्हणजे बल्गेरियातल्या, बायकांनी या खेळात मोठं नाव काढलंय. ऑलिम्पिकमध्ये महिलांचं नौकानयन आलं १९७६ ला, माँट्रियलमध्ये, आणि पहिल्याच वेळी बल्गेरियानं त्यात दोन सुवर्णपदकं नेली. पण मला सांगायचंय ते रुम्याना नेइकोवाबद्दल.

सोफियाची ही मुलगी. बार्सिलोना आणि अटलांटा ही दोन ऑलिम्पिक झाल्यावर २००० साली सिडनीत एकेरीची अंतिम शर्यत खेळली. दोन हजार मीटर संपले तेव्हा ती आणि बेलारूसची एकातेरिना कार्स्टेन इतक्या बरोबर आल्या, की कोण जिंकलं ते कुणालाच सांगता येईना. फोटो तपासून निकाल लागला: कार्स्टेन ७:२८.१४१, नेइकोवा ७:२८.१५३. बारा सहस्रांश सेकंद! मी हिशोब करून पाहिला, त्या वेगात हे अंतर साडेपाच सेंटिमीटरच्या आतबाहेर भरतं. तुमच्या करंगळीएवढं.

मला तिची पुढची आठ वर्षं जास्त मोठी वाटतात. नवरा स्विलेन नेइकोव हाच तिचा प्रशिक्षक. २००२ ला सेव्हिलमध्ये ती जगज्जेती झाली, तेही ७:०७.७१ अशी जगातली तोवरची सर्वोत्तम वेळ देऊन. पुढच्या वर्षी मिलानमध्ये पुन्हा जगज्जेती. एवढं होऊनही २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला सुवर्ण हुकलंच, कांस्य मिळालं, आणि कार्स्टेन तिथेही तिच्या पुढे होती. २००५, २००६, २००७ ही तिन्ही जागतिक विजेतेपदंसुद्धा कार्स्टेननंच नेली. अशा वेळी कुणीही वल्ही ठेवून दिली असती, तर त्याला नावं ठेवायला मी गेले नसते.

ती मात्र बीजिंगला उतरली, पस्तिसाव्या वर्षी, पाचव्या ऑलिम्पिकला. ७:२२.३४. अमेरिकेची मिशेल गेरेट अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकानं दुसरी, आणि तिसरी कार्स्टेन. त्या ऑलिम्पिकमधलं बल्गेरियाचं ते एकमेव सुवर्ण. त्या शर्यतीचा व्हिडिओ मिळाला तर बघाच, शेवटचे अडीचशे मीटर तर दोनदा बघा.

आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ ला रिओत उतरला, तो याच एकेरीत. दुष्काळी गावातला पोरगा, लष्करात जाऊन वल्हवायला शिकलेला. त्याची शर्यत तुम्ही पाहिली होतीत का? मला तेव्हा या खेळातलं काही कळत नव्हतं.

कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती यंदा कधी आहेत ते कळवा. गुडघ्याची गोळी वेळेवर घ्या. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी