नशीब कसलं, धावपटूच बेसला चिकटला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकाचं पहिलं पान हरमनप्रीतच्या संघाला दिलंत, ते योग्यच. डी. वाय. पाटीलवरचा तो विजय आम्ही इथे टोरांटोतही जल्लोषात साजरा केला. तक्रार आहे ती आतल्या पानावरच्या चार ओळींच्या बातमीबद्दल. म्हणे, वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, आमच्या टोरांटो ब्लू जेजला ‘नशिबाने हुलकावणी दिली’. हातातोंडाशी आलेला घास आमच्याच संघाने घालवला, त्यात नशिबाचा काय संबंध?

१ नोव्हेंबरची सातवी, निर्णायक लढत. आमच्या बो बिशेटने लॉस एंजेलिस डॉजर्सच्या ओतानीच्या चेंडूवर तीन धावांचा होमरन (आपल्या षटकारासारखा थेट सीमापार फटका) ठोकला होता आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये आम्ही ४-३ ने पुढे होतो. जेतेपदाला दोन बाद हवे होते. तिथे डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली. तेही मी सोडून देतो, एखादा चेंडू फसतो.

संताप आहे तो त्यानंतरचा. आमची पाळी, तिन्ही बेसवर आमचे धावपटू, एकच बाद. तिसऱ्या बेसवरचा धावपटू होम प्लेटला पोहोचला की एक धाव, आणि १९९३ नंतरचं पहिलं जेतेपद. तिसऱ्या बेसवर आयझाया काइनर-फालेफा, खास पळण्यासाठी उतरवलेला, आणि तोच बेसला चिकटून! आमचा फलंदाज वार्शोने मारलेला जमिनीलगतचा चेंडू रोहासने अडखळत उचलून होम प्लेटकडे फेकला. तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू हातात घेऊन कॅचरने प्लेटला पाय टेकवला की धावपटू बाद. रिप्ले पाहा: डॉजर्सचा कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवरून सुटतो, पुन्हा टेकतो, आणि मग घसरत आलेल्या आमच्या गड्याचा पाय पोहोचतो. एक पाऊल पुढे उभा असता तरी काम झालं असतं. गल्लीत क्रिकेट खेळणारं आपल्याकडचं पोरगंसुद्धा नॉन-स्ट्रायकरला क्रीजमध्ये बॅट रोवून उभं राहत नाही.

सामन्यानंतर काइनर-फालेफाने सांगितलं, की बेसजवळच थांबा, अशी संघाची सूचना होती. जोरकस फटका थेट झेलला गेला तर वेळेत बेसवर परतता येणार नाही आणि धावपटूही बाद होईल, ही भीती. आदल्या रात्री ॲडिसन बार्जर तसाच दुसऱ्या बेसवर सापडला आणि सहावी लढत तिथेच संपली होती. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून प्यायले, दुसरं काय! म्हणून त्या खेळाडूला शिव्या देण्यात अर्थ नाही. जाब विचारायचा तो मॅनेजर जॉन श्नायडर आणि त्यांच्या प्रशिक्षकांना. २०२४ मध्ये विभागात तळाला असलेला संघ त्यांनी वर्षभरात अव्वल केला, हे मान्य. पण सात लढतींत मिळून ३४ विरुद्ध २६ धावा करूनही हरतो, तेव्हा बेसवरचा कारभार तपासायलाच हवा.

बरोबरीमुळे लांबलेल्या लढतीत अकराव्या इनिंगमध्ये स्मिथचा होमरन, मग आमच्या कर्कच्या फटक्यावर दोघे बाद आणि ५-४ ने खेळ खलास. आदल्या दिवशी ९६ चेंडू टाकून पुन्हा उभ्या राहिलेल्या डॉजर्सच्या यामामोतोला मात्र दंडवत.

पुढच्या वेळी बातमी चारच ओळींची दिलीत तरी त्यात वार्शोचा तो चेंडू असू द्या, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिसिसागा (कॅनडा)