वीज परत येते तेव्हाची पंधरा मिनिटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आला की मेणबत्त्या, टॉर्च आणि इन्व्हर्टर यांची चर्चा दरवर्षी होते. वीज परत येते तेव्हाच्या पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. फ्रिज, पंप, टीव्ही जळण्याचा सर्वांत मोठा धोका त्याच वेळात असतो. नुकताच सुरू झालेला पुरवठा पुन्हा बंद पडतो तोही बऱ्याचदा त्याच वेळात.

गोव्याची वीज जवळजवळ सगळी बाहेरून येते. कोल्हापूरकडून कोलवाळच्या उपकेंद्रात येणाऱ्या ४०० केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिनीसारखा मोठा मार्ग तुटला तर तालुकेच्या तालुके अंधारात जातात, पण असा बिघाड सहसा काही तासांत सुटतो. रेंगाळतो तो गावातल्या ११ केव्ही लाइनचा बिघाड. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात माड आणि फणस तारांवर पडले, खांब आडवे झाले आणि काही गावांत वीज यायला दिवस लागले. कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) जाणारी लाइन पायी चालत तपासावी लागते, त्याला दुसरा उपाय नाही. किनाऱ्यालगत पहिल्याच सरीला वीज का जाते, असे लोक चिडून विचारतात. उन्हाळाभर इन्सुलेटरवर (तार खांबापासून वेगळी ठेवणाऱ्या भागावर) खारी हवा आणि धूळ यांचा थर बसतो. तो कोरडा असतो तोवर काही होत नाही. रिमझिम पावसाने ओला झाला की त्यावरूनच ठिणगी उडते आणि फीडर (उपकेंद्रातून निघणारी ११ केव्ही लाइन) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. जोराचा पाऊस पडून थर धुतला गेला की हा त्रास कमी होतो.

आता मुख्य मुद्दा. एका ट्रान्स्फॉर्मरवर १०० घरे आहेत असे धरा. एरवी त्यांतले निम्मे फ्रिजही एका वेळी चालू नसतात, कारण कॉम्प्रेसर थोडा वेळ चालतो आणि थांबतो. सहा तास वीज नसली की सगळे फ्रिज तापलेले असतात. वीज येताच शंभरच्या शंभर एकदम सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्यात विहिरीचे पंप, एसी आणि रिकाम्या इन्व्हर्टर बॅटऱ्यांचे चार्जिंग. एवढा भार एकाच क्षणी पडला की ट्रान्स्फॉर्मरचा फ्यूज उडतो किंवा फीडर पुन्हा ट्रिप होतो, आणि लाइनमन भर पावसात पुन्हा खांबावर चढतो. लोक म्हणतात, वीज आली आणि लगेच गेली, काम नीट केले नाही. बहुतेक वेळा काम नीट झालेले असते, भार आपण टाकलेला असतो.

म्हणून वीज गेल्याबरोबर फ्रिज, एसी, गिझर, पंप आणि वॉशिंग मशीन यांचे एमसीबी (बोर्डावरचे सुरक्षा स्विच) खाली करावेत. एक बल्ब तेवढा चालू ठेवावा. वीज आली की तो सांगतो. त्याच्याकडे दोन मिनिटे बघावे. तो मंद पेटला, किंवा नेहमीपेक्षा लख्ख पेटला, तर ताबडतोब मेन स्विच बंद करून तक्रार नोंदवावी. न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) तुटला असेल तर २३० व्होल्टच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. शेजारच्या घरात दिवे मंद आणि आपल्याकडे लख्ख, ही न्यूट्रल तुटल्याची ठळक खूण आहे. बल्ब ठीक असेल तर दहा मिनिटे थांबून आधी फ्रिज लावावा, मग पाच-पाच मिनिटांनी एकेक यंत्र. फ्रिज किंवा एसी बंद होताच लगेच लावला तर आतल्या गॅसचा दाब समान झालेला नसतो, कॉम्प्रेसर अडतो आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापते. १७० व्होल्टच्या आसपासही हेच होते.

घरी नेहमी कोणी नसते, त्यांनी मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्यावा. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो पुरवठा तोडतो. परत जोडण्याचा विलंब त्यावर ठरवता येतो. तो ३०० सेकंद ठेवावा.

जनरेटरबद्दल कळकळीने लिहितो. दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर घेऊन जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमध्ये सोडण्याचा प्रकार जीवघेणा आहे. मेन चालू राहिला तर ही वीज उलटी ट्रान्स्फॉर्मरवर जाते आणि तिथे २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट होतात. लाइन बंद आहे असे समजून तारेला हात लावणारा लाइनमन जागच्या जागी जातो. चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या; त्यात एका वेळी एकच बाजू जोडली जाते. जनरेटर व्हरांड्यात किंवा गॅरेजमध्ये नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, मोकळ्यावर ठेवावा आणि इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल ओतावे.

इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. हाती साधारण १२०० येतात. ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे चार दिवे आणि राउटर मिळून २०० वॅट, म्हणजे सहा तास. पंखे ३० वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी असले तर तीच बॅटरी अकरा तास चालते. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. दोनच तास वीज येऊन गेली तर बॅटरी भरली असे समजू नये. तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आपल्याकडच्या विहिरींच्या पाण्यात लोह असते, ते प्लेटा खराब करते. फ्रीझरमधली मासळी झाकण न उघडता, फ्रीझर भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४ तास टिकते. खालच्या कप्प्यातले चारच तास.

तुटून पडलेल्या तारेपासून दहा मीटर लांब राहावे. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) कोरडी जमीन वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे तार जमिनीवर पडूनही फीडर ट्रिप होत नाही आणि ती जिवंत राहते.

वीज खात्याला एक विनंती. मोठ्या बिघाडानंतर सगळा फीडर एकदम चार्ज (चालू) न करता एबी स्विचने (लाइनचे भाग वेगळे करणाऱ्या खांबावरच्या स्विचने) टप्प्याटप्प्याने करावा, आणि दहा मिनिटे आधी पंचायतीमार्फत वाड्यावाड्यावर निरोप द्यावा, म्हणजे लोक यंत्रे बंद ठेवतील.

१९१२ या फोन क्रमांकावर तक्रार करताना बिलावरचा सीए (ग्राहक) क्रमांक, जवळच्या खांबाचा क्रमांक आणि वीज फक्त आपल्या घरात गेली आहे, एका ओळीतल्या घरांत गेली आहे की सगळ्या वाड्यावर गेली आहे, हे आधी सांगावे. त्यावरून कोणता फ्यूज बघायचा हे लाइनमनला निघण्यापूर्वीच कळते.

आपला,
वीज जोडणीच्या कामातला एक वाचक, फोंडा