काजूचे कान आणि 94 दिवस: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री,
गोवा राज्य.

सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून लिहितो. मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात मसाल्याची नि पिठाची गिरण चालवतो. आजवर कुठल्याही मंत्र्याला पत्र लिहिलं नाही, रस्त्यासाठी नाही की नळासाठी नाही. पण गेल्या सोमवारी सकाळी एका कार्यालयातून फोन आला आणि तेव्हापासून मला गप्प बसवत नाही. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “तुमच्या तक्रारीचं आता काही होणार नाही. प्राणी क्रूरता कायद्याचं कलम 36. गुन्हा घडून तीन महिने झाले की खटला भरता येत नाही.” मी कॅलेंडर काढून दिवस मोजले. 94 भरले होते. माझी तक्रार मात्र 9व्या दिवशी दिलेली होती, तिच्या पोचेवर शिक्का आहे. मधले 85 दिवस ती कुणाच्या टेबलावर होती, असं विचारलं तर फोन ठेवून दिला.

तक्रार एका पिल्लाच्या कानांची होती.

माझी मुलगी यंदा दहावीला. तिला कुत्रा हवा होता, तोही डॉबरमन. गावठी पिल्लू घेऊ या, असं मी म्हटलं होतं. तेव्हाच ताणून धरायला हवं होतं. एका विक्रेत्याकडे तांबूस रंगाचं पिल्लू पसंत पडलं. 18,000 ठरले, 5,000 आगाऊ दिले. अळूच्या कोवळ्या पानासारखे त्याचे कान गालांवर लोंबत होते. मुलीने तिथेच नाव ठेवलं, काजू. कान कापायचे नाहीत, शेपटीलाही हात लावायचा नाही, असं मी त्या माणसाला दोनदा बजावलं. तो म्हणाला, पहिली लस आणि जंतांचं औषध आमच्याकडूनच देतो, चार दिवसांनी न्या. पिल्लू तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, असं केंद्राचे 2017चे नियम सांगतात. हे मला नंतर वाचून कळलं. त्या माणसाला तेव्हाही ठाऊक होतंच.

संक्रांतीच्या आठवड्यात पिल्लू आणायला गेलो, तर डोक्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली आणि मध्ये प्लास्टिकचा पेला उभा. दोन्ही कान कापून त्या पेल्यावर ताणून बांधलेले. “फुकटात करून दिले. एरवी सहा हजार घेतो. कान लोंबले तर डॉबरमन आणि गावठी यात फरक काय?” हे त्याचे शब्द. कापलं कुणी? त्याच्याकडे येणाऱ्या एका माणसाने. तो डॉक्टर नाही, कधीकाळी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता. भूल दिली का, या प्रश्नाला विक्रेत्याने उत्तर दिलं नाही.

मंत्रिमहोदय, पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात कसे गेले हे मी लिहिणार आहे आणि तुम्हाला ते वाचावं लागेल. पिल्लू झोपेत डोकं झटकायचं आणि टाके उसवायचे. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला रक्ताचे शिंतोडे उडाले, चुन्याचा हात दिला तरी अजून दिसतात. पाचव्या दिवशी घाण वास सुटला. सहाव्या दिवशी डाव्या कानाचं टोक काळं पडलं. ज्या डॉक्टरांकडे धावलो ते भले गृहस्थ. पण पिल्लू वाचवायचं तर कुजलेला भाग काढावाच लागेल, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे आधीच कापलेला कान पुन्हा कापला. सलाईन, अँटिबायोटिक, रोजचं ड्रेसिंग मिळून 14,000 गेले. सहा दिवस गिरण बंद राहिली. शिमग्याच्या तोंडावर ज्यांची तांदळाची दळणं राहिली ती गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली, ती गेलीच. मुलगी पूर्वपरीक्षेच्या पेपराला रात्रभर जागून गेली. माझी आई 81 वर्षांची आहे, ती सतत एकच विचारायची, “पण कापले कशाला रे?” तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आज काजूचा उजवा कान अर्धा उभा आहे आणि डावा नुसता ठोंब. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की तो जमिनीला चिकटतो. हात त्याला पहिल्यांदा कळला तो पातं घेऊन आलेला.

कायद्यात काय आहे हे मी गिरणीत बसून वाचलं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1953मध्ये राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं, त्यातून पुढे तो झाला. त्यातलं कलम 11 जनावराचा अवयव तोडणं हा गुन्हा ठरवतं आणि कलम 31 प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र आहे. पोलिसांनी तिथल्या तिथे नोंदवून घ्यायला हवा होता. मी ज्या चौकीत गेलो तिथे मला विचारलं, “कुत्रा मेला का? नाही ना? मग?” भारतीय न्याय संहितेचं कलम 325 जनावराला पंगू करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं, ते लावा म्हटलं, तर कान गेल्याने कुत्रा पंगू होत नाही, असं ऐकवलं. मग अदखलपात्र म्हणून एक चिठ्ठी हातात दिली. तिथून एका कार्यालयात, तिथून दुसऱ्या. एकदा झेरॉक्स पुसट आहे म्हणून कागद परत आले. एकदा दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही म्हणून. एकदा साहेब रजेवर. असे हेलपाटे घालतच तीन महिने गेले आणि गेल्या सोमवारी तो फोन आला.

आणि समजा, मुदतीत खटला उभा राहिला असता, गुन्हा शाबितही झाला असता, तर त्या माणसाला शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. 1960चा आकडा आजही तसाच आहे. पन्नास रुपयांत फोंड्याच्या बाजारात बांगड्यांचा एक वाटा येत नाही. एका जोडी कानांचे सहा हजार घेणारा माणूस पन्नास रुपये वरकड खर्चात धरतो. हा दंड वाढवणारा मसुदा केंद्राने नोव्हेंबर 2022मध्ये लोकांपुढे ठेवला, हरकती मागवल्या. तो मसुदाच राहिला.

एका कार्यालयातल्या लिपिकाने मला विचारलं, “तुम्ही कुत्र्यांची नसबंदी करता ती चालते ना? तीही कापाकापीच की!” त्याने बोलण्याच्या ओघात विचारलं असेल, पण त्या प्रश्नाने माझी झोप गेली. कारण आमच्या अंगणातल्या गावठी कुत्रीची नसबंदी मीच करून आणली आहे. तिला कुणी विचारलं होतं? कुणी नाही. पातं तिच्याही अंगाला लागलं. बरेच दिवस विचार केला आणि जे सुचलं ते लिहितो. आमच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होऊन ती तडफडून मरू नये, दर पावसाळ्याच्या तोंडाला तिची सहा-सात पिल्लं साकवाखाली वाहून जाऊ नयेत, गाडीखाली सापडू नयेत, म्हणून ते केलं. त्यात तिचं भलं आहे. आमची सोयही आहे, ती मी लपवत नाही. आपली सोय मिसळली आहे म्हणूनच तिथे पूर्ण भूल, वेदनाशामक, नोंदणी असलेला डॉक्टर आणि नंतरचे चार दिवस काळजी हे आपल्याला सोडता येत नाही. काजूच्या कानांत काजूचं काय होतं? गाठ होती? सडले होते? तो फोटोत रुबाबदार दिसावा आणि जास्त पैशाला विकला जावा, एवढंच. जिथे जनावराच्या पदरात काहीच पडत नाही तिथे पातं लावायचा हक्क मालकालाही नाही, असं माझं मत आहे. कुत्रा विकत घेतला म्हणून त्याची वेदना विकत घेतली जात नाही.

शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून कुत्र्याच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करवून घेणारं एक कुटुंब माझ्या ओळखीचं आहे. ते कुत्रं दारावर कुणी आलं की तोंड उघडतं आणि आतून नुसता घोगरा खोकला येतो. एकदा पाहिलं, पुन्हा त्या घरी गेलो नाही.

लोक म्हणतात, डॉबरमनचं हे पूर्वापार चालत आलंय. मी शोधलं. ही जात जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या डॉबरमन नावाच्या करवसुली करणाऱ्या माणसाने तयार केली. वसुलीला जाताना धाक बसवणारा कुत्रा त्याला सोबत हवा होता. त्याच जर्मनीत आज डॉबरमनचे कान कापायला मनाई आहे, शेपूटही तोडता येत नाही. इंग्लंडमध्ये कापल्या कानांचे कुत्रे प्रदर्शनात आणायला एकोणिसाव्या शतकातच बंदी झाली. 1987च्या युरोपीय कराराने कान, शेपूट, आवाज, नखं, सगळ्याच दिखाऊ कापाकापीला नको म्हटलं. जिथून ही फॅशन आली तिथे ती मोडीत निघाली आणि आम्ही इथे प्लास्टिकच्या पेल्यावर पिल्लांचे कान ताणत बसलोय. आमच्या घरात दत्ताची जुनी तसबीर आहे. पायाशी चार कुत्री, चार वेद म्हणून आई त्यांनाही रोज फूल वाहते. चौघांचेही कान अख्खे आहेत.

तुम्ही म्हणाल, कायदा केंद्राचा, राज्य काय करणार? हे मला मान्य नाही. प्राण्यांवरच्या क्रूरतेचा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्राला आणि राज्याला दोघांनाही कायदा करता येतो. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने 2017मध्ये याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तमिळनाडूने जल्लीकट्टूसाठी केली आणि मे 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. जनावरं पळवण्यासाठी कायदा बदलता येतो, तर पिल्लाचे कान वाचवण्यासाठी का येत नाही? आपल्याकडे उच्च न्यायालयाने 1996मध्ये बंद केलेले धिर्यो, म्हणजे बैलांच्या झुंजी, पुन्हा सुरू करा, म्हणून आमदार उभे राहतात, जोरजोरात बोलतात. या कानांसाठी एक आमदार उभा राहिलेला मी ऐकला नाही. हणजुणेत ऑगस्ट 2024मध्ये पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचं पोर गेलं. त्या आईचं दुःख मी जाणतो. त्यानंतर 2025मध्ये हिंस्र जातींना आळा घालायचं विधेयक आलं. जातींची यादी करणं सोपं असतं. त्या जाती कुठल्या शेडमध्ये जन्मतात, कोण विकतं, कोण कापतं, याची यादी कुणी केली?

आणि करायचं म्हटलं तर गोव्याला जमतं, म्हणून जास्त राग येतो. हातात जाळी घेऊन पोरं वाड्यावाड्यावर फिरली, कुत्रा न् कुत्रा पकडून टोचला, मोबाईलवर नोंदवला आणि 2021मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. आमच्या वाड्यावरही ती आली होती. त्यांना मी चहा दिला होता, अभिमान वाटला होता. जिथे भटकं कुत्रंही नोंदीत येतं तिथे पिल्लं विकणारा नोंदीत येत नाही, ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही.

म्हणून मागतो ते स्पष्ट मागतो. नोंदणी असलेल्या पैदासकारांची यादी पंचायतीच्या फळ्यावर लागू दे. कुत्र्याचा परवाना देताना कान किंवा शेपूट कापलेली दिसली तर कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला मागा आणि तो नसेल तर कुणी कापलं याचा तिथूनच माग काढा. नोंदणी नसताना पातं चालवणाऱ्याला 1984चा पशुवैद्यक परिषद कायदा लावा. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक ओळ लिहून पाठवा, की अवयव तोडण्याचा गुन्हा दखलपात्र आहे. आणि दंड व मुदत बदलणारी गोव्याची दुरुस्ती पर्वरीत विधानसभेपुढे मांडा. त्या दिवशी मी गिरण बंद ठेवून प्रेक्षकांत येऊन बसेन.

आमच्या खटल्याचं आता काही होणार नाही, हे मला कळलंय. तो विक्रेता मागच्या आठवड्यात मोबाईलवर नवी पिल्लं दाखवत होता. पाच पिल्लं, डोक्यावर पाच पेले. त्यांच्या कानांना तीन महिने व्हायचे आहेत. तो फोटो मी छापून या पत्रासोबत आपल्याला स्पीड पोस्टाने पाठवला आहे, तारखेसकट. दिवस तुम्हीही मोजा.

आपला,
काजूच्या घरचा एक गिरणवाला
फोंडा तालुका