गुणतक्त्यातला गाळलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात क्रीडा पानावर इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या लिव्हरपूल या फुटबॉल संघाच्या 'विजयी घोडदौडी'ची बातमी वाचली. पाच सामने, पाच विजय, १५ गुण. बातमीत चूक काढण्यासारखे काही नाही. माझी तक्रार शेजारच्या गुणतक्त्याबद्दल आहे. त्यात सामने, विजय, बरोबरी, पराभव आणि गुण एवढेच रकाने असतात. केलेले गोल आणि खाल्लेले गोल हे दोन रकाने आपण केव्हातरी गाळून टाकलेत. जागेची अडचण असणार, समजू शकतो. पण त्याच पानावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात चांगली ऐसपैस पसरलेली असते. (त्या तेलाचा मी गिऱ्हाईक आहे, त्यामुळे जाहिरातीवर राग नाही.)

रकाना नसल्याने काय होते ते सांगतो. लिव्हरपूलने गेल्या मोसमात विजेतेपद मिळवले. तेव्हा पहिल्या पाच सामन्यांपैकी त्यांनी चार जिंकले होते आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध घरच्या मैदानावर एक ०-१ असा गमावला होता. म्हणजे गुण १२, आणि पाचही सामन्यांत मिळून खाल्लेला गोल तेवढा एकच. यंदा गुण १५ आणि खाल्लेले गोल पाच. तुमचा तक्ता बघणारा म्हणेल, संघ गेल्या वर्षीपेक्षा सुधारला की!

त्यात हे गोल कसे बसले ते पाहिले तर आणखी काळजी वाटते. मी बहुतेक सामने कोथरूडला बहिणीकडे, भाच्याबरोबर पाहतो. पहिला बोर्नमथविरुद्धचा, स्वातंत्र्यदिन सरता सरता रात्री साडेबाराला सुरू झालेला. लिव्हरपूल २-० पुढे. मग बोर्नमथच्या अँटोनी सेमेन्योने दोन गोल फेडले. दुसऱ्या वेळी तर गडी स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला आणि आमचे लाल शर्टवाले दिंडीत सोबत करावी तसे त्याच्या बाजूने धावत राहिले. ८८व्या मिनिटाला किएझा आणि अगदी शेवटी सलाह, म्हणून ४-२.

दुसरा सामना न्यूकॅसलशी, हरितालिकेच्या आदल्या रात्री. न्यूकॅसलचा अँथनी गॉर्डन मध्यंतराआधीच लाल कार्ड घेऊन बाहेर. समोर दहाच जण, आणि पुन्हा २-० अशी आघाडी. आता झोपायला हरकत नाही असे मी म्हटले आणि ५७व्या मिनिटाला ब्रुनो गिमाराइसने डोक्याने चेंडू आत घातला. ८८व्या मिनिटाला लांबून आलेल्या एका चेंडूवर विल्यम ओसुला मोकळा सापडला, २-२. शेवटी १००व्या मिनिटाला रिओ एन्गुमोहा या अवघ्या सोळा वर्षांच्या पोराने गोल केला आणि भाचा सोफ्यावरून असा उडाला, की टीपॉयवर बहिणीने पूजेसाठी निवडून ठेवलेली पत्री सगळी जमिनीवर. पावणेतीन वाजता आम्ही मामा-भाचे ओणवे होऊन बेल, शमी, आघाडा वेगवेगळा करत बसलो होतो. आवाजाने बहीण उठून आली. "कोण जिंकलं?" "आपण." "मग दादा, तुझं तोंड असं का?"

तिला त्या वेळी समजावून सांगता आले नाही. गेल्या आठवड्यात चॅम्पियन्स लीगमध्ये (ही युरोपची वेगळी स्पर्धा, तुमच्या तक्त्यात नसते) अ‍ॅटलेटिको माद्रिदशी तेच झाले. सहा मिनिटांत २-०, मग मार्कोस योरेंतेचे दोन गोल, आणि भरपाई वेळेत आमच्या व्हॅन डाइकने गोल करून वाचवले. परवाच्या शनिवारी एव्हर्टनशी २-० वरून २-१ झाले आणि उरलेला अर्धा तास जीव मुठीत धरून काढला. चार वेळा दोन गोलांची आघाडी घेतली, त्यातली तीनदा पूर्ण घालवली. ज्या आर्सेनलविरुद्ध गोल बसू दिला नाही, तो सामना (गौरी आवाहनाच्या रात्रीचा, खाली ढोल चालू असल्याने समालोचन ऐकूच आले नाही) राइट बॅकच्या जागी खेळणाऱ्या सोबोस्लायच्या फ्री किकने सुटला. सोबोस्लाय मूळचा मधल्या फळीतला. म्हणजे मागचे भोक बुजवायला मधला माणूस काढून वापरलेला.

भाच्याला हे पटत नाही. "मामा, पंधरा गुण आहेत, अजून काय पाहिजे? शेवटच्या मिनिटाला जिंकणं हीच तर चॅम्पियनची खूण." त्याच्या मित्रांत दोन तट पडलेत आणि रविवारी सकाळी अमृततुल्यावर चार चहा होईपर्यंत भांडण मिटत नाही. त्याने माझ्यासमोर लेस्टर सिटी आणून उभी केली. मुद्दा बिनतोड वाटावा असाच आहे. २०१५-१६ मध्ये लेस्टरने पहिल्या नऊच्या नऊ सामन्यांत गोल खाल्ले, एकूण १७. प्रशिक्षक रानिएरी यांनी एकही गोल न खाता सामना संपवलात तर पिझ्झा देतो, असे खेळाडूंना कबूल केले होते. तो पिझ्झा दहाव्या सामन्यात, क्रिस्टल पॅलेसला १-० हरवल्यावर मिळाला, तोही स्वतःच्या हाताने थापून. आणि मोसमाअखेर विजेतेपद लेस्टरचेच.

पण भाचा उरलेले अर्धे सांगत नाही. आर्सेनलने पाच गोल घातल्यावर रानिएरींनी दोन्ही बाजूंचे बॅक बदलले आणि डॅनी सिम्पसन व क्रिस्टियन फुक्स यांना आणले. पुढच्या २९ सामन्यांत मिळून लेस्टरने गोल खाल्ले १९. गळती तशीच ठेवून ते विजेते झाले नाहीत, आधी ती बंद केली. न बंद करणाऱ्याचे उदाहरण आमच्याच घरचे आहे. २०१३-१४ चे लिव्हरपूल: १०१ गोल केले, ५० खाल्ले आणि दुसरे आले. त्या मे महिन्यात पॅलेसविरुद्ध ३-० वरून ३-३ झालेले मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. सुआरेझ शर्टात तोंड लपवून रडत होता.

मला हे खुपते, कारण मी स्वतः कंपनीच्या संघातून बरीच वर्षे स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीत मधोमध, खेळलो. एकदा एसएसपीएमएसच्या मैदानावर, ऐन पावसात, मध्यंतराला आम्ही २-० पुढे होतो. चिखलात समोरचे गारठलेले. तिसरा गोल मारून मोकळे होऊ म्हणून सगळे वर गेलो, मीही गेलो, कॉर्नरला डोके लावायची हौस. परत येताना चिखलातून पाय निघेना. ३-२ ने हरलो. आमचा गोलकीपर कोणाशी एक शब्द न बोलता, हातमोजे तसेच घालून, सायकल हातात धरून चालत घरी गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

लिव्हरपूलचे दुखणे समजत नाही असे नाही. राइट बॅक अलेक्झांडर-आर्नोल्ड रिआल माद्रिदला गेला, कर्केझ आणि फ्रिम्पाँग हे दोन्ही बाजूंचे बॅक नवे, त्यातला फ्रिम्पाँग पहिल्याच सामन्यात जखमी. जुलैमध्ये डिओगो जोटा अपघातात गेला. ज्या खोलीत तो कपडे बदलायचा तिथे बसून ही मुले पुन्हा खेळायला उभी राहिली, हेच मोठे. पण पैसे कुठे खर्च केले तेही बघा. १ सप्टेंबरला, खरेदीच्या शेवटच्या दिवशी, पुढच्या फळीसाठी इसाक आला १२ कोटी ५० लाख पौंडांना, आपल्या हिशेबाने जवळपास दीड हजार कोटी रुपये. त्याच दिवशी मागच्या फळीसाठी पॅलेसचा कर्णधार मार्क गेही यायचा होता. वैद्यकीय तपासणीपर्यंत आलेला व्यवहार रात्री फिसकटला. मागच्या फळीतल्या तरुण जोव्हानी लिओनीला परवा लीग कपात साउथहॅम्प्टनविरुद्ध पहिल्यांदा खेळवले, तर तो गुडघा धरून स्ट्रेचरवरून बाहेर. त्याच सामन्यात आमच्या एकिटिकेने विजयी गोल करून शर्ट काढला, दुसरे पिवळे कार्ड, म्हणजे लालच, घेतले आणि शनिवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. याला काय म्हणावे!

पुणेकराला हे सारे कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. बालेवाडीला आपलाही संघ होता, एक नव्हे, बरेच. २०१२-१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. एफसी पुणे सिटी २०१८ मध्ये आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) उपांत्य फेरीत पोचला आणि बंगळूरूच्या सुनील छेत्रीने तीन गोल करून घरी पाठवला. २०१९ ला तोही संघ गुंडाळला गेला. आता इथल्या पोरांना मोठे फुटबॉल भेटते ते टीव्हीवर आणि सकाळी तुमच्या पानावर. तेव्हा निदान तक्ता तरी पुरा छापा. दोनच रकाने हवेत. 'पराभव' आणि 'गुण' यांच्यामध्ये मावतात, मी पट्टी लावून पाहिले आहे.

जमले तर येत्या रविवारच्याच अंकापासून करा. शनिवारी संध्याकाळी साडेसातला लिव्हरपूलची गाठ पॅलेसशी, त्यांच्याच मैदानावर आहे. पॅलेसने पाच सामन्यांत दोनच गोल खाल्लेत. आणि त्यांच्या मागच्या फळीत, दंडावर कर्णधाराची पट्टी बांधून, गेही उभा असेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार
नारायण पेठ, पुणे
२५ सप्टेंबर २०२५