कार्ल्याच्या खांबांवर काय लिहिलंय ते लोकांना सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्टीच्या दिवशी कार्ल्याला किती गर्दी असते तुम्हाला माहितीच आहे. एकवीरा आईचं दर्शन झालं की लोक शेजारच्या लेण्यात शिरतात, दोन फोटो काढतात आणि बाहेर पडतात. त्यांची तरी काय चूक, काय बघायचं ते सांगायला तिथे कोणी नसतंच. चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, वर ज्या लाकडी कमानी दिसतात ना, त्या मूळच्या आहेत, जवळपास 2000 वर्षांच्या, आणि अखंड दगडात खोदलेल्या छताला खरं तर त्यांची गरजच नव्हती, पण आधीची चैत्यगृहं लाकडाची असायची म्हणून दगडातही तसंच करून ठेवलं. किती जण मान वर करून बघतात?

त्याहून भारी म्हणजे खांबांवरचे आणि भिंतींवरचे ब्राह्मी या प्राचीन लिपीतले लेख. इतकं मोठं काम एकट्या राजाच्या पैशातून झालेलं नाही हो. वैजयंती नावाच्या गावचा भूतपाल शेठ, धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा अत्तरवाला, तिथलाच सामी नावाचा सुतार, शिवाय कितीतरी यवन (म्हणजे तेव्हाचे ग्रीक), कोणी खांब दिला, कोणी दार केलं. भूतपालाने तर हे शैलगृह (दगडात कोरलेलं घर) जंबुद्वीपात, म्हणजे सगळ्या भारतात, सर्वोत्तम आहे असं चक्क कोरून ठेवलंय! साध्या कामकरी माणसांची नावं इतक्या जुन्या काळातली आपल्याला मिळतात, ही काय लहान गोष्ट आहे का?

आणि आपण काय करतो, तर कितीतरी लेण्यांत भिंतींवर चावीने बदाम काढून स्वतःची नावं खरडतो. बघून जीव तुटतो अक्षरशः. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, तो व्हायलाच पाहिजे, पण नुसत्या धाकाने हे थांबेल असं मला वाटत नाही. आपण ज्यावर खरडतोय त्याच्या बाजूला कोणा सुताराचं नाव आहे हे कळलं तर निदान काही हात तरी थांबतील.

म्हणून पुरातत्त्व खात्याला विनंती आहे की प्रत्येक मोठ्या लेखाजवळ, दगडाला भोक न पाडता, एक छोटा बोर्ड ठेवा, त्यावर लेखाचा फोटो, देवनागरीत वाचन आणि सोप्या मराठीत अर्थ. कार्ल्यापासून सुरुवात करा, मग भाजे, जुन्नर, नाशिकची पांडवलेणी, कान्हेरी. आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जवळपासच्या कॉलेजांतल्या इतिहासाच्या मुलांना थोडं मानधन देऊन तिथे माहिती सांगायला उभं करा.

– लेण्यांवर प्रेम करणारा एक वाचक